सुई ओवताना

अतिदक्षता विभागातल्या त्या सिस्टरला सगळे करवत म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. होतीच ती तशी. पेशंटच्या उशाशी उभं राहून कुणी शिकाऊ डॉक्टर गप्पा छाटायला लागला, तर "त्यांच्या तोंडात नळी आहे, कानात नाही," असं फाडकन सुनवायची. पण श्वासाची नळी घातलेल्या, न बोलणाऱ्या माणसाला दुखतंय की नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळत नसे. बघायच्या तीनच गोष्टी: चेहरा, हात, आणि यंत्र देईल तो श्वास माणूस निमूट घेतोय की यंत्राशी भांडतोय. त्यांना गुण द्यायचे. गुण चढले की दुखतंय, औषध द्या. नव्या पोरींना ती बजावायची, "गुण नंतर मोजा गं, आधी माणसाकडे बघा."

कोपऱ्यातल्या कॉटवर शिंपीकाका होते. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं. आता त्यांना जागं करून नळी काढायची होती, आणि तिथंच घोडं अडलं होतं. जरा शुद्धीवर आले की कपाळाला आठ्या, डोळे बारीक, बोटं आवळलेली. म्हणजे दुखतंय. औषध दिलं की पुन्हा गुंगी, आणि गुंगीतल्या माणसाची नळी काढता येत नाही. नळी राहिली तर छाती कफानं भरणार. करवतीच्या नाकी नऊ आले होते.

सकाळी भेटीच्या वेळेला काकू आल्या. एरवी नवऱ्याच्या पायाशी उभ्या राहून रडून जायच्या. आज बघत राहिल्या आणि चक्क हसल्या.

"अहो सिस्टर, हे सुई ओवतायत."

करवतीनं वाकून पाहिलं. खरंच की. अंगठा आणि शेजारचं बोट चिमटीत, भुवया जवळ आलेल्या, डोळे मिचमिचे. जन्मभर दुकानात बसून केलेलं काम. तिला इतकं भरून आलं की काय सांगावं. इतक्या वर्षांत नळीवाली माणसं तिनं फक्त सोसताना पाहिली होती. काहीतरी करताना दिसलेला हा पहिलाच.

डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय का त्यांना?"

"छे हो, कामाला लागलेत," ती म्हणाली.

करवतीचा शब्द म्हणजे विषय संपला. औषध थांबलं. येता-जाता जो तो काकांना विचारू लागला, "काय काका, आमची पँट कधी मिळणार?" नाडी वाढली तेव्हा करवतच म्हणाली, जागे होतायत.

दुपारी अंग पुसायला काकांना कुशीवर वळवलं, तेव्हा तिचा हात त्यांच्या पोटाला लागला. पोट फळीसारखं टणक होतं. आतले टाके सुटले होते, केव्हाचे कुणास ठाऊक. सर्जन धावत आले. "सकाळी कळलं असतं तर," एवढं बोलले आणि पुढचं गिळून टाकलं. काकांना पुन्हा ऑपरेशनला आत नेलं. तिथून ते परत आले नाहीत.

करवत स्टुलावर बसली. मूठ वळायला अंगात जोर नसला की चिमटीच होते, हे तिला माहीत नव्हतं थोडंच? चांगलं माहीत होतं. पण तिला ती सुईच हवी होती, आणि त्यापायी तो माणूस सबंध सकाळ तसाच तळमळला. काकूंना खरं काय ते सांगून टाकायचं, मग त्या काय बोलतील ते बोलोत, असं ठरवून ती उठली.

काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. तिला बघताच त्यांनी तिचा हात धरला.

"सिस्टर, मला एवढंच सांगा. त्यांना दुखत नव्हतं ना? सुईच ओवत होते ना?"

करवत त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

"हो काकू. सुईच."

"ओवली गेली का मग?"

"ओवली."

काकूंनी डोळे पुसले. "बरं झालं बाई. नजर पार गेली होती हो त्यांची. गेली दोन वर्षं सुई मीच ओवून देत होते. म्हणून तर सकाळी बघून मला इतकं बरं वाटलं."