गोलकीपरचं कुंकू

मुलीला आइस हॉकी खेळायचीय हे कळल्यावर पुण्याहून सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, "अगं, पण बर्फावर कशाला? साधं मैदान नाही का मिळत तिथे?" मी हसण्यावारी नेलं, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. जपानमध्ये ग्योतोकुला आमच्या बिल्डिंगमधल्या बाकीच्या भारतीय मुली भरतनाट्यम शिकत होत्या, गणितं सोडवत होत्या. आमची मात्र आठव्या वर्षी शाळेबरोबर स्केटिंग रिंकवर गेली आणि हॉकीचं वेड डोक्यात घेऊनच घरी आली. त्यातही तिला व्हायचं होतं गोलकीपर. म्हणजे समोरच्या सगळ्यांनी जिच्यावर नेम धरायचा, ती. नवरा म्हणाला, "आईवर गेलीय. जागचं हलायचं नाव नाही." मी ते कौतुकच समजले.

सहा वर्षं आमचे रविवार त्या रिंकवर गेले. चौदाव्या वर्षी आमच्या भागातल्या क्लबांमधून निवडलेल्या मुलींच्या संघात ती आली, आणि त्या हिवाळ्यात होक्काइदोला भरलेल्या आंतरराष्ट्रीय युवा स्पर्धेत हा संघ उतरला. ती संघातली दुसरी गोलकीपर होती, म्हणजे बाकावरची. पहिले तीन सामने तिने पूर्ण पोशाखात बसून काढले. आत-बाहेर करणाऱ्या मुलींसाठी बाकाचं दार उघडायचं, कुणाची स्टिक मोडली की नवी पुढे करायची, टाळ्या वाजवायच्या. ती हे सगळं मनापासून करत होती आणि मी वर प्रेक्षकांत बसून प्रशिक्षकांवर दातओठ खात होते.

उपांत्य सामना आम्ही हरलो आणि त्याच्या अगदी शेवटच्या क्षणी पहिल्या गोलकीपरचा गुडघा मुरगळला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या क्रमांकासाठी कोरियाच्या मुलींशी गाठ होती, आणि गोलमध्ये आमची उभी राहणार होती. बाकावर दुसरी गोलकीपर लागते म्हणून ती जखमी मुलगी पोशाख घालून बसणार होती, एवढंच. तिला गुडघा धड वाकवताही येत नव्हता.

सकाळी हॉटेलमध्ये लेकीने घासही खाल्ला नाही. "आई, हरलो ना, तर सगळे म्हणतील हिला घ्यायलाच नको होतं," ती म्हणाली. तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी तोंडाने "काही होत नाही गं" म्हटलं खरं.

जपानमध्ये मुलांच्या खेळात आयांना तोबान असते, म्हणजे कामाची पाळी. त्या दिवशी ती माझी होती. पाण्याच्या बाटल्या भरून मुलींच्या ड्रेसिंग रूमच्या दाराशी द्यायच्या आणि परत फिरायचं. छापील कागदावर नियम असतात: बाटली कुठवर भरायची, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, सामन्याआधी आपल्या मुलीला वेगळं बोलवायचं नाही. जपानी आया हे निमूटपणे पाळतात. सहा वर्षं मीसुद्धा इमानाने पाळलं होतं. त्या दिवशी मोडलं.

मी तिला दाराशी बोलावलं. पर्समध्ये कुंकवाची इवलीशी डबी असतेच माझ्या. "लावू?" मी विचारलं. एरवी ती "आई, नको ना, हाझुकाशी!" म्हणून पळाली असती. मैत्रिणींसमोर लाज वाटते, हे ती नेहमी जपानीतच सांगते. त्या दिवशी तिने एकदा मागे पाहिलं आणि मान खाली केली. स्केट्स घातल्यावर ती माझ्यापेक्षा वीतभर उंच होते, त्यामुळे चांगलंच वाकावं लागलं तिला. सुकं कुंकू हेल्मेटखाली पुसलं जाईल म्हणून मी ते दोन थेंब पाण्यात कालवलं आणि ठसठशीत लावलं. शहाणपणा माझा!

सामना सुरू झाला आणि पाच मिनिटांत कोरियाने गोल केला. पण लेक उठली, स्टिकने दोन्ही खांबांवर टकटक केलं आणि पुन्हा वाकून उभी राहिली. त्यानंतर तिने जे काही अडवलं ते मी आजही कुणी न विचारताही सांगते. रबरी चकतीचा एक फटका पायाने, एक छातीवर, एक तर पालथी पडून हातमोज्याखाली दाबलेला. आमच्या मुलींनी उलट दोन गोल केले. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये सात मिनिटं उरली तेव्हा आम्ही दोन-एकने पुढे होतो.

खेळ जरा थांबला. तिने गोलच्या जाळीवर ठेवलेली बाटली उचलली आणि सगळे गोलकीपर करतात तसं मास्कच्या गजांमधून तोंडावर पाणी मारलं. मीच भरलेलं पाणी. बाजूने जाणाऱ्या पंचबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि जोरात शिट्टी मारली. लेकीच्या नाकावरून, हनुवटीवरून लाल ओघळ पांढऱ्या जर्सीवर उतरला होता. खाली बर्फावरही लाल ठिपके पडले होते.

"रक्त!" शेजारच्या बाईने माझा दंड धरला. रक्त येत असलेल्या खेळाडूला ते थांबेपर्यंत बाहेर जावं लागतं, आणि गोलकीपरसाठी कुणी थांबत नाही, बदली आत येते. समोर बाकावर ती गुडघा दुखावलेली मुलगी तोंड वेडंवाकडं करत उठू लागली होती. लेकीच्या चार दिवसांच्या वाट पाहण्यावर मी स्वतःच्या हाताने पाणी ओतलं होतं.

मी पायऱ्या उतरत धावले, काचेवर दोन्ही हात आपटले आणि ओरडले, "अहो, रक्त नाहीये ते! कुंकू आहे, कुंकू!" शुद्ध मराठीत. त्या आख्ख्या स्टेडियममध्ये ते कळणारी माझ्याशिवाय एकच व्यक्ती होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. आता ही मला जन्मभर माफ करणार नाही, असं वाटलं मला.

तिने मास्क काढला. लालेलाल तोंड सगळ्यांना दिसलं. ती पंचबाईंशी शांतपणे काहीतरी बोलली. काय बोलली ते दुखापती बघणाऱ्या संघाच्या ट्रेनरने मला नंतर सांगितलं: "हे रक्त नाही. मोठ्या कामाला निघताना आमच्यात कपाळाला हे लावतात. तपासा, मग मला खेळू द्या." ट्रेनरने कपाळ पाहिलं, नाक पाहिलं, ओठ उलटून हिरड्यासुद्धा पाहिल्या. जखम कुठेच नव्हती. लेकीने ओल्या टॉवेलने खसाखसा तोंड पुसलं, बर्फ खरवडून झाला आणि ती पुन्हा जागेवर जाऊन वाकली.

शेवटच्या मिनिटाला कोरियाने आपली गोलकीपर बाहेर काढून आणखी एक खेळाडू चढाईला घातली. सहा जणी एकटीवर तुटून पडल्या. गर्दीत मला काहीच दिसेना. भोंगा वाजला तेव्हा ती बर्फावर आडवी पडलेली होती, चकती तिच्या पोटाखाली होती आणि आमच्या मुली तिच्या अंगावर उड्या टाकत होत्या. मी काचेला कपाळ टेकवून रडले.

पण माफी मागणं भाग होतं. आपल्यामुळे दुसऱ्यांना त्रास होणं, मेइवाकु, यासारखा मोठा अपराध तिथे नाही, आणि मी तर आंतरराष्ट्रीय सामना थांबवला होता. ड्रेसिंग रूमबाहेर मी जपानी वाक्यं घोकत उभी राहिले. प्रशिक्षक आल्यावर कमरेत वाकले. "चूक माझी आहे. तोबानचा नियम मी मोडला. तुम्हा सगळ्यांना..."

तेवढ्यात बाजूला पावलं वाजली. लेक येऊन माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि माझ्याइतकीच वाकली.

"आईने मला विचारलं होतं," ती प्रशिक्षकांना म्हणाली. "मान मी खाली केली. मला ते हवं होतं. त्यामुळे माफी मी मागते."

प्रशिक्षक काय म्हणाले ते मला नीट आठवत नाही. मी वाकलेलीच होते, डोळ्यांतलं पाणी सरळ जमिनीवर टपकत होतं, आणि मान वर करायची मला अजिबात घाई नव्हती.