दुभाष्याची साक्ष

गुरुबसप्पा उदगीरच्या कोर्टात दुभाषी होता. साक्षीदार कानडीत बोलो, तेलुगूत बोलो की दखनीत, त्याचं वाक्य संपेस्तोवर गुरुबसप्पाच्या तोंडात मराठी तयार असे. लातूर जिल्हा झाला त्या साली तो रिटायर झाला. लोक म्हणत, ह्याचं डोकं काही म्हातारं व्हायचं न्हाई.

पुढं दुष्काळ पडला. नळ आठवड्यातून एकदा यायचा. एका दुपारी बायको दानम्मानं पाहिलं, तर तो भरलेला रांजण अंगणात उपडा करत होता.

"काय करायलात?"

"शिळं झालं होतं."

संध्याकाळपर्यंत तो ते विसरला. मुलगा रेवणप्पा दुकानातून आल्यावर दानम्मानं त्याला सांगितलं. गुरुबसप्पानं शांतपणे ऐकून घेतलं.

"रेवण्णा, तिला विचार. आज वार कोणता? रांजण कुणी भरला? शेजारचं कोण बघत होतं?"

दानम्मा गांगरली. एकदा सोमवार म्हणाली, एकदा मंगळवार.

"बघ. परवा दूध हिनंच करपवलं. हिचं डोकं फिरायलंय."

दूध त्यानंच करपवलं होतं. तरी तो खोटं बोलत नव्हता. आठवणीत पडलेली भोकं तो बोलण्यानं बुजवायचा, आणि बोलणं त्याच्याकडं लई होतं.

रेवणप्पानं आईला डॉक्टरकडं नेलं. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगू लागली, आणि त्या पेंगण्यानं घराची खात्रीच पटली. रांजण पुन्हा रिकामा झाला तेव्हा रेवणप्पानं तिला मुखेडच्या एसटीत बसवून दिलं, आपली बहीण महानंदा हिच्याकडं.

"अव्वा, थोडे दिवस राहा."

"म्या काय केलं हाय रे?" ती म्हणाली. गाडी सुटली.

पुढच्या वेळी नळ आला तेव्हा बापानं रेवणप्पाच्या डोळ्यांदेखत रांजण ओतला. दिवाळीपर्यंत त्याला शर्टाची बटणंही जमेनात. लातूरचा डॉक्टर म्हणाला, "आजार जुना आहे. जन्मभर डोकं चालवलेला माणूस तो बरीच वर्षं झाकून नेतो. मग मात्र भराभर ढासळतो."

रेवणप्पा आईला आणायला मुखेडला गेला. सून म्हाताऱ्याला हात लावीना, म्हणून दानम्मा परत आली. ती त्याला धुवायची, भरवायची. एकदा त्यानं विचारलं, "तू कोण?"

"तुमच्या घरची येडी."

त्यानं मान हलवली आणि तोंड उघडलं. तिनं पुढचा घास भरवला.