शेवटचा आकडा

आयुष्यभर मी लोकांच्या गाड्यांवर संशय घेत आले, आणि त्यातली बरीच वर्षं सरकार मला त्याचा पगार देत होतं. बिदरच्या आरटीओ ऑफिसात माझं काम एकच. गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे चॅसीवर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का ते बघायचं. चॅसीवर कागद धरून वरून पेन्सिल आडवी घासली की खालचे आकडे कागदावर उमटतात. त्याला आम्ही छाप म्हणायचो. खोट्या छापाचा मला वास येतो, आणि हे मी उगीच म्हणत नाही. हैदराबादच्या एका गृहस्थानं पाठवलेल्या छापाला खरंच चंदनाच्या साबणाचा वास येत होता. पठ्ठ्यानं साबणाच्या वडीवर नंबर कोरून त्याचा छाप घेतला होता!

तो छाप आला होता माझ्या रजिस्टरसाठी. रिटायर झाल्यावर भालकीला आमच्या घराच्या माडीवर बसून मी हे रजिस्टर चालवायला लागले. ऑनलाइन आहे, कुणालाही दिसतं. जुन्या विलायती स्पोर्ट्स गाड्या, दोन सीटच्या, उघड्या टपाच्या, आपल्या ह्या भागात कुठं होत्या, कुणाकडं होत्या, आता कुठं आहेत, ह्याची नोंद. भालकीतल्या एका बाईला असल्या गाड्यांशी काय देणंघेणं, असं सगळे विचारतात. माझे अप्पा मिस्त्री होते. हुमनाबाद रोडला त्यांचं गॅरेज होतं, आणि चार जिल्ह्यांतले डॉक्टर, कंत्राटदार, देशमुख आपल्या विलायती गाड्या त्यांच्याकडंच आणायचे. आलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि हकीकत अप्पा एका वहीत लिहायचे. माझं रजिस्टर उभं आहे ते त्या वहीवर.

ती वही मी कुणाला दाखवत नसे. लुगड्याच्या तुकड्यात बांधून कपाटात, आणि किल्ली माझ्या कमरेला. इंग्लंडातला एक म्हातारा गाडीवेडा वर्षानुवर्षं मेल करायचा, बाई, त्या पानांचे फोटो तरी टाका. का टाकू? पान दिसलं की लोक घरी बसून तोच नंबर लोखंडावर ठोकणार. असले दिवटे मी ऑफिसात रोज बघितलेत. रजिस्टरच्या पहिल्याच पानावर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: नंबर घासलेली गाडी कायमची बाद. विनंती करू नये.

एके दिवशी दुपारी हळ्ळीखेडहून एक म्हातारा आला. धोतर, कपाळावर विभूती, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला छाप. जिना चढून दम लागला होता तरी पाणी नको म्हणाला. मला माणूस आवडला, आणि आवडला म्हणून माझा संशय दुप्पट झाला. गोड बोलणारेच फसवतात, हा माझा अनुभव.

"अक्का, मी हुमनाबादच्या डॉक्टरचा ड्रायव्हर व्हतो," तो म्हणाला. "डॉक्टर लेकराकडं परदेशात गेले तवा लाल गाडी मला देऊन गेले. तुमच्या अप्पाच्या गॅरेजात, अप्पासमोर दिलेत. कागद व्हता, वाळवी खाल्ली."

वाळवी! ऑफिसात माझ्यासमोर किती कागद वाळवीनं खाल्ले असतील, देवच जाणे.

"मग आता काय पाहिजे?"

"गाव मला चोर म्हणायलंय अक्का. डॉक्टरची गाडी ढापली म्हणतेत. बायको गेली तवा मातीला आलेली माणसं बी गाडीकडं बघून हसली. मला गाडी विकायची न्हाई, काय न्हाई. माझ्या मातीला तरी कुणी हसू नये. कागद असता तरी खोटा म्हणले असते, पण फोनात दिसलं की खरं मानतेत. तुमच्या त्या रजिस्टरात माझं नाव लावा."

मी त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि आत जाऊन वही उघडली. नोंद होती. 'हुमनाबाद डॉक्टर, लाल, दोन सीट. गाडी ड्रायव्हरास दिली, डॉक्टर स्वतः बोलले.' अप्पांचंच अक्षर. पण नंबर 3029. म्हाताऱ्याच्या छापावर 3021. छाप अस्सल होता, भिंग लावून बघितला. म्हणजे माझ्या हिशेबानं गोष्ट सरळ होती. दिलेली गाडी ह्यानं केव्हाच फुंकून टाकली आणि आता भलतीच गाडी तिच्या नावावर खपवायला आलाय.

"अण्णा, तुमची गाडी ती न्हाई," मी बाहेर येऊन म्हणाले. "शेवटचा आकडा जुळत नाही."

"असं कसं? तीच हाय की."

"कामून खोटं बोलायलाव? वहीत नऊ आहे, तुमचा एक आहे!"

रागाच्या भरात मी वहीतला आकडा बोलून गेले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. म्हाताऱ्यानं आपल्या छापावर बोट ठेवून शेवटचा आकडा बघितला. मग "नऊ पाहिजे व्हय," एवढंच म्हणाला आणि कठड्याला धरून जिना उतरला. त्याचा छाप मी 'संशयित' लिहिलेल्या फायलीत लावून टाकला. मी कागद फेकत नाही, चोराचा तर मुळीच नाही.

महिनाभरानं तो परत आला. ह्या वेळी चेहरा खुललेला. नवा छाप माझ्यापुढं ठेवला: 3029.

मला तर उकळ्याच फुटल्या. नऊ बाकीच्या आकड्यांपेक्षा खोल ठोकलेला, आजूबाजूला कानशीनं घासल्याच्या बारीक रेघा छापात स्पष्ट उतरलेल्या. आंधळ्यालाही कळलं असतं.

"सापडलात की नाही!" मी ओरडलेच. "घासलात तुम्ही नंबर! लाज नाही वाटत ह्या वयात?"

"घासलो न्हाई अक्का, दुरुस्त करून आणलो. लोहाराकडून. तुमीच म्हणलाव की नऊ पाहिजे."

"मी म्हणलं म्हणून लोखंडावरचा नंबर बदलायचा?"

"मग? आधारात माझी जन्मतारीख चुकली, ऑफिसवाले म्हणले आता हीच धरा. मी तीच धरून चालायलोय. रेशन कार्डात नाव चुकलं, तसंच सही करायला शिकलो. हापिसात असल तेच खरं. आपण बदलायचं."

कुणाला पटेल हे? मला नाही पटलं. मला वाटलं, म्हातारा मुरलेला आहे, भोळेपणाचं सोंग आणतोय. ह्याचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून मी तिरीमिरीत आत गेले, कपाट उघडलं आणि वहीच आणून त्याच्यापुढं आपटली. "बघा! हे माझ्या अप्पांच्या हातचं आहे. वाचा काय लिहिलंय ते!"

त्यानं चष्मा चढवला. बोट पानावर ठेवलं आणि शाळेतली पोरं वाचतात तसं एकेक आकडा मोठ्यानं वाचला.

"तीन. शून्य. दोन. एक."

"नऊ आहे तो!"

"एक हाय की अक्का. मराठी एक." तो सहज बोलला, भांडण्याचा सूरच नव्हता. "मीच गाडीखाली झोपून सांगितलो, अप्पा वर बसून लिवून घेतले. म्हणून मराठीत लिवले असतील."

मी वही ओढून घेतली. अप्पा नंबर नेहमी लोखंडावर बघून, जसाच्या तसा इंग्रजीत उतरवायचे. म्हणून मी सगळी वही इंग्रजी आकड्यांनी वाचली होती. पण हा नंबर त्यांनी डोळ्यांनी नाही, कानांनी घेतला होता. तीन, शून्य, दोन हे आकडे मराठीत लिहा नाहीतर इंग्रजीत, घाईच्या अक्षरात सारखेच दिसतात. शेवटचा तेवढा दगा देतो. मराठी एक आणि इंग्रजी नऊ, आकार तोच, किंमत वेगळी. त्याच ओळीच्या खाली अप्पांनी लिहिलं होतं, 'तेल १ डबा'. तोच वळसा, तीच शेपटी. नऊ डबे तेल कुठली गाडी पिते?

वही पहिल्याच दिवशी त्याच्यापुढं ठेवली असती तर त्यानं दोन मिनिटांत वाचून दिली असती. मी किल्ली कमरेला लावून बसले, आणि माझ्या एका शब्दावर ह्या माणसानं आपली खरी गाडी खोटी करून आणली. मी रडले. ऑफिसात कधी कुणासमोर रडले नव्हते, त्याच्यासमोर रडले.

"मग आता नाव लागल का न्हाई?" त्यानं हळूच विचारलं.

नियम माझाच होता: घासलेला नंबर, कायमची बाद. त्याची गाडी खरी असल्याचा ह्या जगात आता एकच पुरावा उरला होता, त्याचा पहिला छाप, आणि तो माझ्या 'संशयित' फायलीत होता. मी तो काढला. त्याच दिवशी रजिस्टरात नोंद केली: नंबर 3021, मालक हळ्ळीखेडचे अण्णा, डॉक्टरांनी दिलेली. नियमाखाली लिहिलं: एक अपवाद. नंबर रजिस्टर चालवणारीच्या चुकीनं घासला गेला.

मग काय, रजिस्टर बघणारे लोक माझ्यावरच तुटून पडले. मालकाशी बाईचं साटंलोटं असेल. पहिला छाप मागाहून बनवला नाही कशावरून? इंग्लंडातल्या म्हाताऱ्यानंही अगदी अदबीनं विचारलं, आता तरी पान दाखवाल का? अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पण त्यांच्या जागी मी असते तर ह्याहून वाईट लिहिलं असतं. मी पानाचा फोटो टाकला. मग सगळ्या वहीचाच टाकला.

पुढच्या सोमवारी बस धरून हळ्ळीखेडला गेले. पत्र्याच्या शेडखाली ती लाल गाडी उभी होती, पुसून लखलखीत केलेली. अण्णांनी आजूबाजूच्या लोकांना बोलावलं होतं. अण्णांना सगळ्यांत जास्त हसणारा किराणा दुकानदार पुढंच उभा होता, हातात फोन, फोनात माझं रजिस्टर. तो वाकला, चॅसीचा नंबर बघितला, फोन बघितला.

"हौदा अक्का, खरं का हे?" तो मुद्दाम मोठ्यानं बोलला. "फोनात शेवटी एक हाय, अन् हितं तर नऊ ठोकलंय!"

सगळे माझ्याकडं वळले. मी येताना बसमध्ये काय बोलायचं ते शंभरदा घोकलं होतं, पण त्यात हे नव्हतं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "तू कंच्या साळंत शिकलास रे?"

"मराठीच्या."

"मग मराठीत वाच."

दुकानदार पुन्हा वाकला. "तीन... शून्य... दोन..." आणि थांबला. लोक हसले, पण ह्या खेपेला अण्णांना नाही.

मला हसू आलं नाही. अण्णांनी मला वाचवलं होतं, आणि मी त्यांना कधी एक घोट पाणीसुद्धा आग्रह करून दिलं नव्हतं. मी पुढं झाले, त्या खोल ठोकलेल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडी ह्यांचीच आहे. चोर मी ठरवलं होतं ह्यांना. एक ह्यांचा, नऊ माझा."