थोडं बाजूला बघा

आपल्याइतकं दक्षिण आफ्रिकेतल्या या अख्ख्या कारू माळरानात कुणाला दिसत नाही, अशी ऊम, म्हणजे काका, टियूनिस लुब्बे यांची ठाम समजूत आहे. पोस्टातून निवृत्त झाल्यावर इतर पुरुष मेंढ्या पाळतात, नाहीतर बायकोच्या कामात नाक खुपसतात. यांनी दुर्बीण घेतली. लांबी माझ्या हाताएवढी आणि तोरा वेधशाळेचा. त्यांच्या परसात आणि माझ्या परसात फक्त एक तारेचं कुंपण आहे, एवढ्याच गुन्ह्यासाठी मला इतकी वर्षं दीर्घिका ऐकाव्या लागल्या.

अमावास्येच्या जवळपासच्या शनिवारी ते गल्लीला ब्रायला, म्हणजे परसात मांस भाजून खायला, बोलावतात. निखाऱ्यांच्या उजेडानं डोळे बिघडतात म्हणून सात वाजताच निखाऱ्यांवर वाळू पडते. मग आम्ही अंधारात अर्धकच्चं सॉसेज चावत दुर्बिणीपुढे रांग लावतो. त्यांची बायको, तान्नी म्हणजे काकू हेस्टर, चाचपडत कॉफी घेऊन येणार आणि हे तिच्यावर खेकसणार, "हेस्टर, दार लाव. उजेड येतोय."

दीर्घिका म्हणजे काय, तर काळ्यावर एक मळकट डाग. सरळ बघितलं तर तोही नाही.

"थोडं बाजूला बघा," ऊम शिकवतात. "अंधुक गोष्ट डोळ्याच्या मधल्या भागाला पकडता येत नाही. कडेला येते."

आम्ही बाजूला बघतो, काही दिसत नाही, आणि "वा ऊम, काय सुंदर" म्हणून मोकळे होतो. ज्याचं मटण खायचं त्याला नाही कसं म्हणायचं? आमचे पाद्री तर एकदा डोळा लावून पाच मिनिटं देवाच्या लीलेवर बोलले. पृथ्वी फिरते, त्यामुळे दीर्घिका तोवर केव्हाच सरकून नळीबाहेर गेली होती.

गेल्या मे महिन्यात तान्नींनी पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावला. त्यांना कुणी कधी बोलावलंच नव्हतं. त्या दिवशी मी हट्ट धरला. ऊम सूचना द्यायला तोंड उघडतात, तोच त्या म्हणाल्या, "हा काय, गोल पुंजका. मधून काळी पट्टी गेलीय."

ऊमना आभाळ ठेंगणं झालं. "बघितलंत? याला म्हणतात नजर. तुम्हाला कुणाला जमलं नाही."

"मला बाजूलाच बघायची सवय झालीय, टियूनिस," तान्नी म्हणाल्या.

"तीच पद्धत," ऊम म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं.

माझी आई शेवटी शेवटी अशीच समोरच्याच्या कानाकडे बघून बोलायची, आणि मग तिला काहीच दिसेनासं झालं होतं.

सकाळी मी तान्नींना कुंपणावरून विचारलं.

"सरळ बघितलं की मधोमध भोक पडतं गं, रिना," त्या म्हणाल्या. "तुझे केस दिसतात, चेहरा नाही."

"ऊमना सांगितलंत?"

"सांगायला गेले होते. म्हणाले, धूमकेतू आलाय, तो जाऊ दे."

मी तडक ऊमकडे गेले. म्हटलं, तान्नींची दृष्टी चाललीय.

"काहीतरीच बोलू नकोस. तिला काल सव्वा कोटी प्रकाशवर्षं लांबचं दिसलं."

या माणसाशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं. मी तान्नींना गाडीत बसवलं आणि केपटाउनला निघाले. ऊम मागच्या सीटवर बसून वाटभर मला चुकीचा रस्ता सांगत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला बराच वेळ घेतला. डावा डोळा हातचा गेला होता. उजव्यात आजपासून इंजेक्शनं दिली तर तो वाचण्याची आशा होती. मग त्या ऊमकडे वळल्या. "या सरळ बघत नाहीत, असं कधीपासून आहे?"

कुठला तारा कुठल्या साली उजळला हे झोपेतही सांगणारा माणूस. बायको कधीपासून सरळ बघत नाही, ते त्याला सांगता येईना.

"डोळ्याचं मला माहीत नाही," शेवटी ते म्हणाले. "पण वर्षभर ती रुसलेली आहे. बोलताना माझ्याकडे बघतच नाही."

तान्नींनी त्यांच्या दिशेनं मान वळवली.

"रुसले नव्हते रे," त्या म्हणाल्या. "तुझा चेहरा दिसावा म्हणून तुझ्या कानाकडे बघत होते."