लक्ष्मीपूजनाचं काळं नाणं

"कुणी घासलं हे? अरे, कुणी घासलं?"

अण्णा, म्हणजे माझे सासरे, जर्मनीतल्या एर्लांगेनच्या आमच्या फ्लॅटमध्ये असे ओरडले, की खाली लावलेल्या सगळ्या सायकलींच्या घंट्या आपोआप वाजल्या. बरं, एखादीच वाजली असेल. पण यापुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे — आणि ते मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

दिवस लक्ष्मीपूजनाचा. अण्णा आणि आई — माझ्या सासूबाई — पुण्याहून आलेले. अण्णांना जुन्या नाण्यांचं वेड. न्यूर्नबर्गच्या नाणेबाजारातून त्यांनी एक इंग्रजी पेनी आणली होती — मध्ययुगातली, हातोड्यानं ठोकून पाडलेली, पापडाहून पातळ चांदी. वेडीवाकडी, काळीकुळकुळीत. तिच्यावरचा राजा, सर्व्हर बंद पडल्यावर आमचा मॅनेजर दिसतो तसा दचकलेला. पूजेत मांडायला म्हणून अण्णांनी ती काढून ठेवली आणि आंघोळीला गेले.

आता मला सांगा, आपल्यात लक्ष्मीपुढे काळी चांदी मांडतात का? आईंनी सकाळीच निरांजनं, वाट्या, सगळं चिंचेनं लख्ख केलेलं. उरलेली चिंच सिंकपाशीच होती. घासणीही होती. आणि मी... मला वाटलं, अण्णा खूश होतील. बघता बघता राजा चमकला. बघता बघता त्याचं नाकही गेलं. मला काय ठाऊक, की शेकडो वर्षांचा तो काळा थरच जपायचा असतो?

असो. चूक होते माणसाकडून. पुढचं ऐका.

अण्णांनी विचारलं, आणि मी — ऑफिसात दुसऱ्याच्या कामावरही छाती पुढे काढणारा मी — म्हणालो, "चांदी तर आईच घासत होत्या."

आईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "निरांजनांबरोबर गेलं असेल हातून," म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटलं? मी विचारलं नाही. चकल्या मात्र पुन्हा मागून घेतल्या. झोपही छान लागली.

अजूनही लागते. दर दिवाळीला ते येतात, मजेत असतो आम्ही. या खेपेला अण्णांनी नवी पेनी आणली आणि आधी माझ्या तळहातावर ठेवली. "बघा जावईबापू, कडेनं धरा हं." मी तज्ज्ञासारखी मान डोलावली. आईंनीही हात पुढे केला. पुण्यातलं अण्णांचं नाण्यांचं कपाट वर्षानुवर्षं आईच पुसायच्या — हे मी आधीच सांगायला हवं होतं, नाही?

"तू लांबूनच बघ," अण्णा म्हणाले.

मी तिथंच होतो. नाणं माझ्याच हातात होतं.

आई म्हणाल्या, "बरं."