ॲम्ब्युलन्सच्या दारात मिळालेलं मंत्रिपद

“माझ्या जागी माणूस नेमल्याशिवाय मी हलणार नाही!”

साहेब ओरडत होते, तेही स्ट्रेचरवर पडून. आवाज असा, की तिकडे दुबईच्या देरा बंदरातल्या धक्क्यावरची गलबतं दोन हात मागे सरकली असतील. नव्वदीला टेकलेला माणूस, ओठ निळे पडलेले, छातीत कळा. पण व्हिलाचं फाटक दोन्ही हातांनी गच्च धरलेलं. ॲम्ब्युलन्सवाले ‘यल्ला, चाचा, यल्ला’, चला चला, करत घामाघूम.

मी त्यांच्या मुलीचा ड्रायव्हर. साहेब एस्टोनियाचे. रशियनांनी देश गिळला तेव्हा लहानपणी होडीतून स्वीडनला पळाले आणि पुढे परागंदा सरकारात मंत्री झाले. म्हणजे सरकार होतं, देश नव्हता. मंत्रालय म्हणजे कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं टेबल. पण साहेब सांगायचे, एक नियम कडक होता. खुर्ची रिकामी ठेवायची नाही. एक गेला की लगेच दुसरा नेमायचा. नाहीतर जग म्हणेल, असा देशच नव्हता.

तो देश रशियनांच्या तावडीतून सुटून तीस वर्षं उलटली. परागंदा सरकारनं कारभार तिथल्या नव्या सरकारकडे सोपवला, त्या कागदावर साहेबांचीही सही होती म्हणे. पण गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डोक्यातून नेमकं तेवढंच पुसलं गेलं. मॅडम रोज सांगायच्या, “पपा, आपला देश फ्री आहे.” साहेब हसायचे. “रशियन रेडिओ ऐकतेस वाटतं!”

आणि मी? बुर्ज खलिफाच्या टोकावरचा दिवा मी लावला, शेखचा उंट माझ्याच हातचे पोहे खातो, असं बावीस वर्षं फोनवर घरी सांगत आलेला माणूस.

मॅडम रडायला लागल्या तसा मी पुढे झालो.

“साहेब, मला नेमा.”

“तुला? तू कुठला?”

“मीपण देशाबाहेरच आहे, साहेब. बावीस वर्षं.”

हे मात्र खरं होतं. त्यांनी फाटकावरचा एक हात सोडला आणि माझं मनगट धरलं.

“देश सुटेपर्यंत पद सोडणार नाहीस?”

सुटलाय हो साहेब, कधीच सुटलाय. ओठांपर्यंत आलं होतं. पण दुसरा हात अजून फाटकावरच होता.

“नाही सोडणार.”

“मग मी जातो.” बदलीचा माणूस आल्यावर वॉचमन निघतो तसे ते निघाले. हलके, मागे न बघता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. जन्मभर थापा मारल्या, एकीवरही कुणी विश्वास ठेवला नाही. या एकीवर ठेवला गेला, आणि तो माणूस आपला देश अजून बंदिवासात आहे असं समजून गेला.

हॉस्पिटलच्या पार्किंगमधून मी बायकोला फोन लावला.

“अगं, साहेब गेले. जाताना मला मंत्री करून गेले.”

“बरं,” ती म्हणाली. “जेवलात का?”