मंडळाची रिकामी खोली

कुणी ‘वुड यू माइंड’ म्हणून बोलायला सुरुवात केली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माझी मुलगी, जी मराठीत विचारलं तरी हिंदीतच उत्तर देते, ती म्हणते, “आई, ये तो मॅनर्स हैं.” असतील. हे मॅनर्स मी स्वतः खडू घेऊन फळ्यावर शिकवलेत, त्यामुळे मला त्यांचं कौतुक कुणी सांगू नये.

पंजाब पेटलेला होता ती वर्षं आम्ही चंदीगडात काढली. नवरा तिथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत संशोधनाला लागला होता. मी साताऱ्याच्या शाळेतली इंग्रजीची नोकरी सोडून आलेली, आणि घरात बसणं माझ्या रक्तात नाही. तिथल्या मराठी डॉक्टर-प्राध्यापकांनी वर्गणी काढून मंडळाचा एक हॉल बांधला होता. गणपतीचे दिवस आणि हळदीकुंकू सोडलं तर त्याला कुलूपच असायचं. मी मागे लागून तो दुपारचा मागून घेतला आणि बायकामुलींसाठी इंग्रजी बोलायचा वर्ग काढला. दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या, टायपिंग शिकणाऱ्या, नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या अशा मुली यायच्या. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना घरी पोचायचं असायचं, म्हणून वर्ग भर दुपारी.

हॉलच्या मागे एक खोली होती. दोन लोखंडी खाटा, गुंडाळून ठेवलेल्या गाद्या, एक माठ. महाराष्ट्रातून पेशंट घेऊन येणाऱ्या नातेवाइकांची सोय व्हावी म्हणून ती बांधली होती. पण त्या वर्षांत पंजाबच्या दिशेला पेशंट घेऊन येतंय कोण? खोली रिकामीच असायची.

माझ्या वर्गात एक मुलगी पंजाबातल्या खरड गावाच्याही पलीकडच्या खेड्यातून बसनं यायची. बाविशीची असेल. हाडापेरानं मजबूत, डोक्यावरची ओढणी कधी घसरू न देणारी, बोलायला अगदी कमी. तिला नर्सिंगला प्रवेश हवा होता. पहिल्याच दिवशी तिनं मला कारण सांगितलं, आणि त्यात सेवाबिवा काही नव्हतं. “मॅडमजी, उनका हॉस्टेल है,” ती म्हणाली. “पहले मैं, फिर नौकरी लगेगी तो बीजी को भी शहर ले आऊँगी.” बीजी म्हणजे तिची आई. घरात त्या दोघीच.

आमचा ‘कॅन, कुड, मे, वुड’चा धडा आला तेव्हा मी फळ्यावर जिना काढला. खालच्या पायरीवर ‘कॅन’, त्याच्या वर ‘कुड’, सगळ्यात वर ‘वुड यू माइंड’. जितकं वर चढाल तितकं अदबीचं. मग जोड्या लावल्या. एकीनं काहीतरी मागायचं, दुसरीनं गोडीत नाकारायचं. कुणी छत्री मागितली, कुणी पेन. हिची पाळी आली. समोरच्या मुलीनं हसत हसत तिच्याकडे जेवण मागितलं, “कुड यू प्लीज गिव्ह मी सम फूड?” ही नुसती उभी राहिली.

मला वाटलं वाक्य आठवत नाही, म्हणून मी सुचवलं. तिनं मान हलवली.

“मॅडमजी, रात को जो आते हैं, वो भी ऐसे ही पूछते हैं,” ती म्हणाली. “बड़े अदब से. माता जी, रोटी मिल जाएगी? बंदूक दीवार से लगाकर बैठते हैं. सुबह पुलिस आती है. वो भी पूछती है, माता जी, रोटी क्यों दी? आप बताओ, इसमें ना कैसे बोलते हैं?”

मी ज्या विलायती पुस्तकातून शिकवत होते त्यात बेकरीतली बाई होती, टपाल कचेरीतला कारकून होता, पाव आणि तिकिटं मागणारी माणसं होती. मी फळा पुसला आणि मुलींना लवकर सोडलं. मला त्या पुस्तकाचा राग आला, आणि ते ज्या देशात लिहिलं गेलं त्या देशाचाही.

नर्सिंग कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. आम्ही रोज वर्गानंतर तयारी करायचो. रात्रपाळी करू शकाल का, रक्त पाहू शकता का, नातेवाइकांनी गोंधळ घातला तर काय म्हणाल. ती उत्तरं घोटून घोटून म्हणायची, पण दर वाक्यात कुठेतरी अडखळायची.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी बातमी आली की उद्या पंजाब बंद. बसगाड्या निघणार नाहीत. कॉलेजात फोन केला तर पलीकडून सांगण्यात आलं की बंद पंजाबात आहे, चंदीगडात नाही, मुलाखती ठरल्याप्रमाणे होतील. म्हणजे तिला ती रात्र शहरात काढणं भाग होतं. मला लगेच ती खोली आठवली. दोन खाटा, माठ, आतून लागणारी कडी. आणखी काय हवं?

मी मंडळाच्या अध्यक्षांना निरोप धाडला. ते माझ्या नवऱ्याच्या विभागाचे प्रमुख, पुण्याचे, मोठे डॉक्टर, हाताला गुण असलेले. कार्यकारिणीतल्या आणखी दोघांना घेऊन ते वर्ग सुटता सुटता आले. मुलगी कोपऱ्यात पिशवी आवरत होती. मी काय हवं ते सांगितलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि इंग्रजीत सुरू झाले.

आमच्या लोकांची ही खोड मला ओळखीची होती. दिल्लीच्या वर राहणाऱ्या आमच्या मराठी माणसांना लाजेची गोष्ट मराठीत बोलवत नाही. मुलाचं लग्न मोडलं, सांगतात इंग्रजीत. भाऊ दारूत गेला, इंग्रजीत. नको असलेला पाहुणा टाळायचा, तोही इंग्रजीत. मराठी फक्त पुरणपोळीला आणि आरतीला.

“वुई वुड हॅव बीन ओन्ली टू हॅपी,” ते म्हणाले. आम्हाला आनंदच झाला असता. पण सध्याच्या परिस्थितीत, यू कुड परहॅप्स अप्रिशिएट, तुम्ही समजू शकाल. तिच्या गावचं काही सांगता येत नाही. तिच्या ओळखी कुणाशी असतील, देअर माइट बी क्वेश्चन्स. पोलीस उद्या विचारतील. मंडळात सगळे सरकारी नोकर. वुड इट नॉट बी वायझर, हे जास्त शहाणपणाचं नाही का, की ती तिच्याच लोकांपैकी कुणाकडे उतरली तर?

माझा सगळा जिना ते एकेक पायरी चढत होते. एकही पायरी चुकली नाही.

“मराठीत सांगा,” मी म्हटलं.

ते थांबले.

“तुम्ही पुण्याचे, मी साताऱ्याची. मराठीत सांगा मला, की त्या पोरीला खोली देणार नाही. मला इंग्रजी कळत नाही असं समजा.”

त्यांचा चेहरा लालभडक झाला. मग, मी खोटं सांगत नाही, त्यांनी हिंदीत सुरुवात केली. “देखिए, बात ऐसी है कि...” शेजारचा खजिनदार छताच्या पंख्याकडे पाहत होता. हे सगळे मुलगी समोर असताना इंग्रजीत बोलले होते, कारण खेड्यातल्या पोरीला काय कळणार, असा त्यांचा हिशेब. ती माझ्या वर्गात काय शिकायला येते, हे तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

ती पिशवी घेऊन पुढे आली. ओढणी सारखी केली.

“इट इज ऑल राइट, सर,” ती म्हणाली. “प्लीज डोन्ट वरी. आय कॅन स्टे विथ माय आंटी.”

न अडखळता. माझ्याकडे आल्यापासूनचं तिचं पहिलं बिनचूक बोलणं, आणि ते तिनं त्या माणसाला मोकळं करण्यासाठी वापरलं. ते इतके सुटल्यासारखे झाले की त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून ‘ऑल द बेस्ट’ म्हटलं. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

ते गेल्यावर मी तिचं मनगट धरलं. “चलो मेरे घर. आंटी-वांटी कोई नहीं है, मुझे मालूम है.”

“नहीं मॅडमजी. ये सर आपके साहबजी के बड़े अफ़सर हैं. उनको मुश्किल होगी.”

“उनका मैं देख लूँगी.”

“आप देख लोगे. पर मैं नहीं आऊँगी.” तिनं मनगट सोडवून घेतलं, रागानं नाही, पण पक्कं. “जहाँ ये लोग डरते हैं, वहाँ मैं कैसे सोऊँ?”

मी बसस्टँडपर्यंत तिच्याबरोबर भांडत गेले. ओरडले, विनवण्या केल्या, उद्याच्या मुलाखतीची शपथ घातली. लोक बघायला लागले. ती खरडच्या शेवटच्या बसमध्ये चढली आणि खिडकीतून म्हणाली की पहाटे चालत निघेन, पोचेन.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “हळू बोल, भिंतीपलीकडे ऐकू जातं.” मी म्हटलं, “जाऊ दे की. उद्या सकाळी स्कूटर काढा. तिला आणायला जायचंय.” पण सकाळी त्यानं स्कूटर काढली, हे मला इथे नोंदवलंच पाहिजे. चंदीगड संपून पंजाब लागतो तिथे, मोहालीच्या हद्दीवर, नाका होता. मी जवानाला माझ्याकडे होतं नव्हतं तेवढं आर्जव करून सांगितलं, एक मुलगी पायी येत असेल, जरा पुढे जाऊ द्या. तो म्हणाला, “ना जी. न कोई जाएगा, न कोई आएगा.” त्याचा मला राग आला नाही. त्यानं एका वाक्यात सांगून टाकलं आणि शिवाय उन्हात उभ्या असलेल्या मला पाणी दिलं.

आम्ही मुलाखतीची वेळ टळून जाईपर्यंत तिथे थांबलो. नाक्याच्या पलीकडे रस्ता सरळ, रिकामा दिसत होता. ती आली असेल तर आधीच्या कुठल्या तरी नाक्यावर अडली असेल. कॉलेजनं त्या दिवशी न आलेल्यांना पुन्हा बोलावलं नाही. मी जाऊन भांडून आले, तिथेही मला फार गोड इंग्रजीत चहा विचारण्यात आला.

ती वर्गाला पुन्हा आली नाही. खरडकडून येणाऱ्या दुसऱ्या मुलीकडून कळलं की आईनं तिचं लग्न लावून दिलं, दूर, जिथे कुणी दार वाजवत नाही अशा कुठल्याशा गावी. नर्सिंगचं काय, असं विचारणारं तिथे कोणी असेल असं मला वाटत नाही. बीजी त्या घरात एकट्या राहिल्या. रोटी मागायला येणाऱ्यांना त्या एकट्याच वाढत असणार.

गणपतीत आरती झाल्यावर अध्यक्ष माझ्याजवळ आले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, ते त्यांना जाणवलं असावं. हातात मोदक होता. आणि या वेळी ते मराठीत बोलले, अगदी सहज, घरच्यासारखे.

“तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत हो. आपण कुठे तिला घालवून दिलं? तिची सोय होतीच की. तीच म्हणाली ना, आंटीकडे राहते म्हणून.”